सौंदर्याच्या वहीतला रवी

गुळाच्या ढेपेवर नुसती टिचकी मारून आतला माल ओळखणारा अडत्या म्हणून रामलिंगचं मार्केट यार्डात नाव होतं. आपल्यापासून कुणी काही लपवू शकत नाही, याची त्याला खात्री होती. त्यामुळं २००३ साली अकरावीतली लेक सौंदर्या खोलीचं दार लोटून टाळ्या वाजवायला लागली, तसा तो दाराला कान लावून उभा राहिला.

"रा." टाळी. "वी." टाळी. "रावी."

"दानम्मा, हा रवी कोण?" त्यानं बायकोला विचारलं.

"फ्रेंच पाठ करायलीया ती. मार्कं पडत्यात म्हणून तुम्हीच घ्यायला लावलंय न्हवं?"

"मार्कांसाठी पोराचं नाव घोकत्यात व्हय?"

सौंदर्या आंघोळीला गेल्यावर त्यानं तिची वही उघडली. इंग्रजी अक्षरांत 'रवी', मधोमध उभी रेघ. खाली 'अमि'. अमित लिहिता लिहिता कुणाची तरी चाहूल लागली असणार. एकाचे दोन झाले! रामलिंगला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो यार्डातून थेट राजारामपुरीतल्या तिच्या क्लासवर गेला. वर्ग भरलेला. दारातूनच त्यानं विचारलं, "ह्यातला रवी कोण? उभा ऱ्हा."

कुणी उठेना.

"बरं, अमित?"

मागच्या बाकावरून टक्कल पडलेले एक गृहस्थ उठले. "मी अमृतराव. लेकाकडं कॅनडाला जायचंय म्हणून शिकतोय. चालंल का?"

शिकवणाऱ्या श्रुती मॅडमनी सौंदर्याच्या बाकावरची वही बघितली आणि शांतपणे सांगितलं, "काका, शब्दाचे तुकडे पाडायचे, दर तुकड्याला टाळी द्यायची, म्हणजे फ्रेंच उच्चार नीट बसतो. रा-वी म्हणजे खूश. आ-मी म्हणजे मित्र."

"कुणाचा मित्र?"

"कुणाचाही. एकदा म्हणून बघा."

रामलिंगनं भर वर्गात टाळ्या वाजवत 'रा-वी' म्हटलं. मॅडमनी उच्चार चांगला असल्याचं सांगितलं. सौंदर्यानं मान वर केली नाही.

क्लास सुटल्यावर ती स्कूटरवर मागं बसली. रामलिंग म्हणाला, "शंका तरी फिटली. रवी नावाचं कोण न्हाय, हे मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं की."

"व्हय अप्पा. पण आता सगळा वर्ग मला रवीची बायकू म्हणतोय."

रामलिंगनं उगाच हॉर्न वाजवला. पुढं रस्ता मोकळाच होता.