महाराजांची शिकवणी

नाट्यस्पर्धेसाठी बसवलेल्या नाटकात वीज कार्यालयाच्या तक्रार खिडकीवरच्या कारकुनाला कपटी राजाची भूमिका द्यायची, हा दिग्दर्शकाचा निर्णय होता. आणि दिग्दर्शक त्याच कार्यालयाचे साहेब असल्यामुळे तो निर्णय अचूक होता.

कारकून दिवसभर लोकांच्या शिव्या खायचा आणि "माफ करा, बघतो," म्हणायचा. नाटकातला राजा सेनापतीच्या मनात महाराणीविषयी विष कालवतो, सेनापती महाराणीला मारतो, मग स्वतःला मारून घेतो आणि पडदा पडतो. पण आपला राजा विष कालवताना इतका ओशाळायचा, की सेनापतीलाच त्याची कीव यायची.

"अहो, विष देताय की सरबत?" साहेब कडाडले. "सोमवारपर्यंत दुष्ट झाला नाहीत, तर मुकुट रोखपालांच्या डोक्यावर जाईल!"

रोखपालांना तालमीची गरजच नव्हती. सुट्टे मागणाऱ्याकडे ते नुसतं बघायचे आणि माणूस रांग सोडून निघून जायचा.

कारकुनाचं तोंड एवढंसं झालं. आयुष्यात पहिल्यांदाच तो मधोमध उभा राहणार होता. स्वतःच्या लग्नातसुद्धा फोटोवाल्याने त्याला "अहो, जरा बाजूला सरका," म्हटलं होतं.

रविवारी त्याच्या संवादांचं एक पान जेवणाच्या टेबलाखाली उडालं. ते घ्यायला तो रांगत आत शिरला, तेवढ्यात टिल्ली खोलीत आली. टिल्ली म्हणजे त्याची मुलगी. वय वर्षं चार, उंची टेबलाएवढी. तिला बिस्कीट हवं होतं आणि जेवणाआधी बिस्कीट नाही, असा घराचा कायदा होता.

कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या आईजवळ ती गेली. आधी जमिनीकडे बघितलं, मग आईच्या गालावर हळूच पंजा ठेवला. "आई, आजी म्हणाली, तुला काहीच कळत नाही. पण मला तू खूप आवडतेस."

आईच्या हातातल्या टॉवेलची घडी मोडली. "असं म्हणाल्या?" दोन मिनिटांत टिल्लीच्या हातात बिस्कीट होतं.

आई आत गेल्यावर आजी खोलीत आली, तशी ती आजीकडे वळली. पुन्हा जमीन, पुन्हा गाल. "आजी, आई म्हणाली, आजीला विचारायचं नाही. आजीचं काय चालतं इथे?"

"अस्सं? बघतेच मी कुणाचं चालतं ते. घे गं, दोन घे!"

संध्याकाळपर्यंत सासू-सून एकमेकींशी फक्त भांड्यांच्या आवाजातून बोलू लागल्या. दोघींच्या मधे बसून टिल्ली शांतपणे चित्र रंगवत होती.

दुपारी टेबलाखालून कारकुनाने सगळं पाहिलं होतं. नाटकाचा अख्खा दुसरा अंक त्याच्या डोळ्यांसमोर घडला होता! खरं तर त्याने तेव्हाच बाहेर येऊन दोघींचा गैरसमज दूर करायला हवा होता. पण सोमवार तोंडावर आला होता आणि कलेसाठी माणसाला त्याग करावा लागतो. विशेषतः दुसऱ्यांच्या सुखाचा.

सोमवारच्या तालमीत राजा ओशाळला नाही. त्याने जमिनीकडे बघितलं, सेनापतीच्या गालावर तळवा ठेवला आणि मऊ आवाजात म्हणाला, "महाराणी म्हणाल्या, सेनापतीला काहीच कळत नाही. पण आम्हाला तू प्रिय आहेस."

सेनापती झालेला लाइनमन खरोखर हादरला. साहेब खुर्चीतून उठले. "कुठे शिकलात हे?"

"घरीच," कारकून म्हणाला. रोखपालांनी मुकुटासाठी दिलेलं डोक्याचं माप परत घेतलं.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत आई आणि आजी, दोघी विरुद्ध दिशांना तोंडं करून, मधे टिल्ली. दुसऱ्या अंकात राजाने जमिनीकडे बघितलं. त्याचा तळवा सेनापतीच्या गालावर गेला. सेनापतीने तलवार उपसली आणि महाराणीकडे वळला.

"खोटं!" टिल्ली खुर्चीवर उभी राहिली. "काका, तिला मारू नका! ती तसं म्हणालीच नाही! बाबा खोटं सांगतोय! मीपण बिस्किटासाठी अस्संच करते!"

सेनापती थबकला. तो भाबडा माणूस. विजेच्या खांबावर चढला असतानाही खालून कुणी थांब म्हटलं की थांबायचा. "मग कशाला उगाच..." असं पुटपुटत त्याने तलवार म्यान केली. मरायला तयार असलेल्या महाराणीने एक डोळा उघडला. विंगेत साहेबांनी कपाळावर हात मारला.

आई आणि आजी टिल्लीच्या डोक्यावरून एकमेकींकडे बघत राहिल्या.

"आई, तुम्ही तसं म्हणालाच नव्हतात?"

"मी कशाला म्हणू गं? आणि तू?"

पुढचं काही ऐकू आलं नाही, कारण दोघी हसत सुटल्या आणि पाठोपाठ सभागृह. परीक्षकांनी निकालात सांगितलं, की शोकांतिकेत कुणीच न मेल्यामुळे नाटक बाद. खलनायक मात्र उत्कृष्ट. कारकुनाला छोटा चषक मिळाला. फोटोवाला म्हणाला, "तुम्ही मधे या."

घरी आल्यावर सासू-सुनेने एकमताने फर्मान काढलं: टिल्लीला आठवडाभर बिस्कीट बंद. बिस्किटांचा डबा सगळ्यांत वरच्या फळीवर गेला. मग दोघी एकाच कपातला चहा वाटून पीत, हसत बसल्या.

कारकून चषक पुसत होता. टिल्ली त्याच्याजवळ आली. तिने जमिनीकडे बघितलं. मग एक इवलासा, गरम पंजा त्याच्या गालावर आला.

"बाबा, त्या दोघी म्हणाल्या, तुला बक्षीस चुकून मिळालं. पण मला तू खरा राजा वाटलास."

पुढची चाल कोणती, हे त्याला पाठ होतं. हीच चाल खेळून तर त्याने हातातला चषक मिळवला होता.

तो मुकाट्याने उठला आणि स्टूल शोधायला लागला.