हा फोटो बरा की हा?

"कुणीही हलू नका! पडदासुद्धा हलता कामा नये!" असं ओरडून थांबारावांनी भर दुपारी घरातला पंखा बंद केला, तेव्हाच खरं तर घरच्यांनी त्यांना आवरायला हवं होतं.

थांबाराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चष्म्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांना "थांबा, हलू नका" म्हणायचं आणि घरी आलं की कॅमेरा काढून घरच्यांनाही तेच ऐकवायचं, यातून ते त्यांना चिकटलं होतं. फोटोग्राफी क्लबच्या 'माझं घर' स्पर्धेत ते दरवर्षी उतरत आणि दरवर्षी 'सहभागाबद्दल आभार' घेऊन परत येत. त्यांच्या फोटोत खोली नीट आली की खिडकी पांढरीफटक पडे, आणि खिडकी नीट आली की खोलीत मिट्ट काळोख. यंदा मात्र त्यांना एचडीआर सापडलं होतं. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा, एकाच जागेचे तीन फोटो काढायचे, एक काळपट, एक बेताचा, एक भगभगीत, आणि तिन्ही सॉफ्टवेअरच्या हवाली करायचे. ते त्यांतलं बरं तेवढं उचलून एकच फोटो बनवतं. त्यात खिडकीबाहेरचंही दिसतं आणि शोकेसखालचंही.

फोटो झाले, पण सॉफ्टवेअर निघाली तीन. एक फुकट मिळणारं, एक दरमहा भाडं मागणारं आणि एक इतकं भारदस्त, की ते सुरू होईपर्यंत माणसाची अंघोळ उरकावी. त्यातलं चांगलं कोणतं, यावर थांबारावांची झोप उडाली. इंटरनेटवर विचारावं तर तिथे लोक एकमेकांच्या खानदानापर्यंत पोचले होते. मग त्यांना आपला धंदा आठवला. नंबर काढताना आपण काय करतो? भिंग बदलतो आणि विचारतो, हे बरं की हे?

रविवारी सकाळी त्यांनी घरच्यांना टीव्हीसमोर ओळीने बसवलं. आई, बायको आणि मेहुणा. मेहुणा नोकरी शोधायला आला होता. नोकरी अजून सापडायची होती, सोफा मात्र पहिल्याच दिवशी सापडला होता.

"डावा डोळा झाका," थांबाराव म्हणाले.

"टीव्ही बघायला डोळा कशाला झाकायचा रे?" आईने विचारलं.

"आई, हे माझं रोजचं काम आहे. तू फक्त खरं खरं सांग."

पहिला फोटो आला, फुकट सॉफ्टवेअरचा. खिडकी जरा पांढुरकी, कोपरे काळे. सगळ्यांनी जांभया दिल्या. दुसरा आला, तो थोडा उजळ होता. मग आला तिसरा, भारदस्त सॉफ्टवेअरचा, आणि तिघांच्याही जांभया अर्ध्यावर राहिल्या.

शोकेसखालचा अंधार पार पळाला होता. तिथे झाकणावर पोपट असलेला टॉफ्यांचा डबा होता, उघडा, आणि शेजारी चुरगळलेले चकचकीत कागद. आईला साखर बंद होती आणि आपण टॉफीकडे ढुंकूनही बघत नाही, असं ती डॉक्टरांना छाती ठोकून सांगून आली होती. अर्धवट सरकलेल्या पडद्यामागच्या काळोखातून आईचा लाडका काचेचा राजहंस बाहेर आला होता. त्याची मान त्याच्या पायाशी पडली होती. तो बायकोच्या हातून फुटला होता, आणि "मैत्रिणीने नक्षी उतरवून घ्यायला नेलाय" असं तिने घरात सांगितलं होतं. आणि पांढऱ्या खिडकीच्या जागी आता समोरचा रस्ता, झाड आणि झाडाखालचा बाक इतका लख्ख दिसत होता, की बाकावरचा माणूसही ओळखू यावा. टाय खांद्यावर टाकून तो दोन्ही हातांत दोन आइस्क्रीमचे कोन धरून बसला होता. त्या दुपारी मेहुण्याचा इंटरव्ह्यू होता, आणि "फार खोल प्रश्न विचारले हो," असं तो संध्याकाळी म्हणाला होता.

ज्याला त्याला फक्त आपलंच दिसलं. दुसऱ्याचं बघायला कुणाला फुरसतच नव्हती.

"पहिला बरा!" तिघंही एकदम ओरडली.

"पहिला?" थांबाराव चक्रावले. "आई, नीट बघ. हा... की हा?"

"पहिलाच. तिसरा मेला डोळ्यांत जातो."

"तुम्ही काय म्हणता, मेहुणे?"

"भाऊजी, तिसऱ्यात खिडकी फार आगाऊ वाटते. खिडकीने कसं, आपलं गप्प बसावं."

"आणि तू?"

"मला बाई अंधार आवडतो," बायको म्हणाली. "गार वाटतं."

थांबारावांनी क्रम उलटसुलट केला, न सांगता फोटो बदलले. तिघंही बिनचूक सर्वांत काळा फोटो निवडत गेली. मग ते म्हणाले, "थांबा, कोपरा मोठा करून दाखवतो." त्याबरोबर आईला ठसका लागला, बायको टीव्हीवरची धूळ पुसायला धावली आणि मेहुण्याचा पाय नेमका वायरीत अडकून प्लग बाहेर आला. काळ्या पडद्याकडे बघत तिघांनीही सुटकेचा निःश्वास सोडला.

दुसरा कुणी असता तर त्याला संशय आला असता. पण थांबाराव चष्मेवाले होते, त्यांना संशय आला तो डोळ्यांच्या नंबराचा. माझे डोळे चांगले असतील तर या तिघांचे बिघडले आहेत. पण आई माझी, बायको परक्या घरातून आलेली आणि मेहुणा तर परवा आलेला. तिघांचे डोळे एकसारखे कसे बिघडतील? म्हणजे बिघडले आहेत ते माझेच. इतका शास्त्रशुद्ध विचार करून ते दुसऱ्या दिवशी वेळेआधीच घरातून निघाले.

दुकानात जाऊन त्यांनी आधी स्वतःची तपासणी केली. तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचून काढला. मग लक्षात आलं, की हा तक्ता आपल्याला पाठ आहे. डोळे मिटून म्हणून बघितला, तरी एकही अक्षर चुकलं नाही. ते घाबरून समोरच्या चष्मेवाल्याकडे गेले. त्याच्याकडेही तोच तक्ता होता.

"उत्तम दिसतंय की तुम्हाला!" समोरचा म्हणाला.

"हेच तर!" थांबाराव रडकुंडीला आले. "नुसतं पाठांतर आहे हो हे!"

मग त्यांचा आपल्या नजरेवरचा विश्वासच उडाला. चष्मा घ्यायला आलेल्या एका बाईंनी "अगदी स्वच्छ दिसतंय" म्हटल्यावर त्यांनी "माझ्या भरवशावर राहू नका" असं सांगून त्यांना समोरच्या दुकानात पाठवलं. पुढच्या गिऱ्हाइकालाही तिकडेच वाट दाखवली. दोन दिवसांत समोरच्याकडे खुर्च्या कमी पडायला लागल्या. शेवटी तो स्वतःच उठून आला आणि म्हणाला, "तुमचंही दुकान मीच घेऊन टाकतो ना. तुमची दगदग वाचेल." थांबाराव हो म्हणाले.

दुपारी ते घरी आले तेव्हा त्यांच्या काखेत दुकानाची पाटी होती. वडिलांनी लावलेली ती पाटी त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली आणि ते खाली बसले.

"दुकान देऊन टाकतोय," ते म्हणाले. "संध्याकाळी बोलणी पक्की करायची. ज्याला स्वतःला धड दिसत नाही, त्याने लोकांना काय दाखवायचं?"

आईने पाटीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि तिला राहवेना. तिला खरोखर लाज वाटली.

"तुझे डोळे ठणठणीत आहेत रे बाळा! त्या टॉफ्या माझ्या आहेत!"

"कसल्या टॉफ्या?" बायकोने विचारलं, आणि मग तिचाही धीर सुटला. "अहो, हंसाची मान माझ्या हातून गेली."

"हंसाची काय गेली?" आई ताडकन उठली.

"मावशी, भांडू नका," मेहुणा मध्ये पडला. "इंटरव्ह्यूला मी गेलोच नव्हतो. म्हणजे गेलो होतो, पण दारापर्यंत. आत सगळे फार हुशार दिसत होते. परत आलो, तर आपल्या समोरच्या झाडाखाली आइस्क्रीमवाला होता."

मग पाच मिनिटं तिघंही एकमेकांवर तुटून पडली. थांबाराव मात्र हळूहळू उठून उभे राहिले.

"आई, तुला तो डबा दिसला?"

"दिसला तर! झाकणावरच्या पोपटासकट."

"आणि तुला मानेचा तुकडा?"

"त्याच्यावरची बारीक रेघसुद्धा," बायको मान खाली घालून म्हणाली.

"आइस्क्रीम कुठलं होतं, मेहुणे?"

"एक गुलाबी, एक हिरवं."

"मलाही!" थांबारावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मलाही हिरवंच दिसलं होतं!"

तिघांची भांडणं जागच्या जागी थांबली. "म्हणजे हे सगळं तुम्ही आधीच बघितलं होतं?" बायकोने विचारलं.

"पहिल्याच दिवशी. पोपटाचं पीस न् पीस मोजून घ्यावं, असा आला होता डबा."

"मग आम्हाला काही विचारलं का नाहीत?"

"काय विचारायचं?" थांबाराव म्हणाले. "सगळं फोकसमध्ये होतं की!"

त्यांनी लगेच समोरच्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं आणि पाटी पुन्हा लावून आले. आता घरात लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. डबा ओट्यावर आला होता, हंस खोक्यात गेला होता आणि मेहुणा समोरच बसला होता. थांबारावांनी त्याच खोलीचे नवे फोटो काढले, तिन्ही सॉफ्टवेअरमधून फिरवले आणि सगळ्यांना पुन्हा टीव्हीसमोर बसवलं.

"आता कुणाला कसली भीती नाही. अगदी मनापासून सांगा. हा बरा, हा बरा, की हा?"

तिघांनी डोळे ताणून पाहिलं. शोकेसखाली जमीन होती, पडद्यामागे भिंत होती, बाकावर कुणी नव्हतं.

"खरं सांगू?" आई म्हणाली. "मला तिन्ही सारखेच दिसतात."

"डिट्टो," मेहुणा म्हणाला. "एकच फोटो तीनदा लावलाय का, भाऊजी?"

थांबारावांचा चेहरा इतका उतरला, की बायकोला ते बघवेना.

"असं काय म्हणता?" ती पुढे सरसावली. "हा तिसरा बघा की! केवढा फरक आहे! खिडकी लख्ख, कोपरा लख्ख, पहिल्याची काय बिशाद याच्यापुढे!"

पडद्यावर त्या वेळी पहिलाच फोटो होता. थांबारावांनी पडद्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. त्यांचे डोळे अगदी ठणठणीत होते.

"आहे ना फरक?" ते खुशीत म्हणाले आणि त्यांनी पडद्यावरचा तोच फोटो स्पर्धेला पाठवून दिला.