मंथराबाईंचे वकील

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले फाटककाका मंथरेला 'मंथराबाई' म्हणतात. जणू बाई आमच्याच सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहतात. एका रामनवमीला त्यांनी हॉलमध्ये भांडून मंथराबाईंच्या नावाने एक हार ठेवायला लावला. "अहो, त्या बोलल्या नसत्या तर राम गादीवर बसला असता आणि रावण सुखाने म्हातारा झाला असता! माणसं चुकतात, पण त्यातूनच वरून सोय केलेली असते."

ही 'सोय' ऐकून ऐकून अख्ख्या बिल्डिंगचे कान किटले आहेत. एकदा सेक्रेटरी टँकर सांगायला विसरला. नळ कोरडे, लोक बादल्या घेऊन जिन्यात, आणि काका त्यांना समजावतायत, "दशरथानेसुद्धा हत्ती समजून श्रावणबाळाला बाण मारला. पण त्या शापातूनच पुढे..."

"पुढचं पुढे बघू, काका," माझी बायको म्हणाली, "आत्ता तुमच्याकडे एक बादली पाणी आहे का?"

काकांनी दोन दिल्या. माणूस तसा वाईट नाही.

पूर्वी हेच काका मंथरेला आणि कैकेयीला चारचौघांसारख्या शिव्या घालायचे. दोघींची वकिली सुरू झाली ती चौदा वर्षांपूर्वीच्या पाडव्यापासून. त्या दिवशी त्यांच्या निलेशने घरी सांगितलं, की तो दुसऱ्या जातीतल्या मुलीशी लग्न करतोय. काकी आधीच गेलेल्या, त्यामुळे काकांना आवरणारं कोणी नव्हतं. दुसरा बाप "जन्मात तोंड दाखवू नकोस" म्हणाला असता. काका पडले रामायण कोळून प्यायलेले. ते गरजले, "चौदा वर्षं तोंड दाखवू नकोस!"

निलेश बॅग भरून निघून गेला. कुठे, तर विठ्ठलवाडीला. डोंबिवलीहून तिसरं स्टेशन!

अरण्य इतकं हाकेच्या अंतरावर, पण काकांनी कधी फोन केला नाही. "मुदत ठरलेली आहे. मी चुकलो, कबूल. पण कैकेयीबाईही चुकल्याच ना? चौदा वर्षांनी राम आलाच ना? येईल." मला आधी हसू यायचं आणि मग स्वतःचीच लाज वाटायची.

यंदाच्या पाडव्याला मुदत भरली. काकांनी गुढी उभारली, चक्का आणून स्वतः श्रीखंड केलं आणि सकाळपासून दार सताड उघडं ठेवलं. दुपारी तीन वाजता आम्ही डोकावलो. तीन पानं मांडलेली होती. पुऱ्या पार चामट झालेल्या. काका इस्त्रीच्या सदऱ्यात दाराकडे तोंड करून बसले होते.

बायकोला राहवलं नाही. "काका, भरत रामाला आणायला चित्रकूटला गेला, तेव्हा कैकेयीसुद्धा बरोबर गेली होती ना? मग तुम्ही का नाही जात?"

मला वाटलं, आता तासाभराचं प्रवचन. पण काका हळूच म्हणाले, "माहितेय गं. तेवढं पान मी वाचत नाही."

मग त्यांनी चामट पुऱ्यांवर ताट झाकलं. "सोयबिय काही नसते. मी पोराला घालवलं, एवढंच खरं. पण तसं म्हणून मला दिवस काढता आला नसता."

मी म्हणालो, "अजूनही जाता येईल, काका. मी येतो बरोबर."

"गेलो होतो. तीन वेळा. बिल्डिंगखाली उभा राहून परत आलो, जिना चढवेना. मागच्या खेपेला गॅलरीत एक एवढासा फ्रॉक वाळत होता. पिवळा." काकांनी हाताने त्याचं माप दाखवलं आणि हात तसाच हवेत राहिला. "तिचं नाव काय ठेवलंय, तुम्हाला कोणी सांगितलंय का?"

आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.