आवळदऱ्याचा रेडिएशन सर्व्हे

जी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही तिचा धोका सगळ्यात मोठा असतो, म्हणून तिची मोजदाद सगळ्यात आधी झाली पाहिजे. मोबाईलचं रेडिएशन दिसत नाही. त्यानं माणसाला अपाय होतो की नाही, यावर शास्त्रज्ञ कित्येक वर्षं डोकं खाजवत आहेत आणि त्यांच्या हाती अजून ठोस काही लागलेलं नाही. धारूर तालुक्यातल्या आवळदऱ्यात मात्र हा प्रश्न नऊ दिवसांत निकाली निघाला.

आवळदरा डोंगराच्या बेचक्यात आहे. घरं एक्केचाळीस, मोबाईल त्रेसष्ट, रेंज शून्य. (मोबाईल गाणी ऐकायला, उजेड पाडायला आणि लग्नात खिशातून काढून बघायला वापरतात.) फोन लावायचा तर गावामागचा डोंगर अर्धा तास चढायचा. माथ्यावर एक वड आहे. त्याच्या उगवतीच्या अंगाला उभं राहिलं की रेंजच्या दोन काड्या येतात. मावळतीला उभं राहिलं की सावली येते. माणसानं काय ते ठरवावं.

वनमालाताई इथल्या आरोग्य खात्याच्या आशाताई. गावात कुणाला साप चावला, कुणाला कळा आल्या की त्यांचे मालक मुंजाजी रुग्णवाहिकेला फोन करायला डोंगरावर पळत सुटायचे. त्या पळण्याला कंटाळून ताईंनी टॉवरसाठी सहा वर्षं अर्ज केले. यंदा टॉवर मंजूर झाला. शाळेमागं खड्डा खणला, लोखंड येऊन पडलं, नारळ फुटला. ताईंची धाकटी जाऊ रोहिणी तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. तिचं पहिलं बाळंतपण फार अवघड गेलं होतं, मूल हाती लागलं नव्हतं. ताईंनी बोटं मोजली. आठव्याच्या आत टॉवर उभा राहत होता.

त्याच आठवड्यात वरून आदेश आला: ‘मोबाईल किरणोत्सर्गाचे आरोग्यावरील परिणाम, घरोघरी सर्वेक्षण.’ माहिती मोबाईल अ‍ॅपवरच भरायची. भरताना कुटुंबप्रमुख समोर हवा, त्याचा जागच्या जागी फोटो हवा, आणि त्याच्या मोबाईलवर आलेला ओटीपी टाकायला हवा.

ताई डोंगरावर गेल्या आणि तालुक्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांना फोन लावला.

“साहेब, आमच्या गावात रेंजच न्हाई. मग रेडिएशन कुठून येईल?”

“ताई, ते तुम्ही ठरवायचं नाही,” साहेब म्हणाले. “ते सर्व्हेतून येईल.”

साहेबांचा शब्द खरा ठरला.

घरोघरीच्या सर्वेक्षणासाठी सगळी घरं डोंगरावर नेणं क्रमप्राप्त होतं. पहिल्या दिवशी पाच कुटुंबप्रमुख चढले. त्यांत सत्तरीच्या तुळजाबाई होत्या. वडाच्या अलीकडे त्यांचा पाय मुरगळला. दोघांनी धरून त्यांना उगवतीच्या अंगाला बसवलं, आणि ताईंनी प्रश्न सातवा वाचला: मोबाईल वापरामुळे आपणांस काही शारीरिक त्रास झाला आहे काय?

“झाला की,” तुळजाबाई पाय धरून म्हणाल्या.

“मावशी, ते रेडिएशनचं इचारतेत.”

“त्यात लिवलंय का तसं?”

ताईंनी पुन्हा वाचलं. तसं लिहिलं नव्हतं.

“मग कावून खोटं सांगू? या मोबाईलपायीच आलते ना मी वर? मला लई त्रास हाय. लिव.”

ताईंनी आयुष्यात खोटी नोंद केली नव्हती. त्यांनी ‘हो’ दाबलं. पुढे अ‍ॅपनं त्रासाचा प्रकार विचारला: डोकेदुखी, निद्रानाश, चक्कर, अंगावर सूज, इतर. (‘इतर’पुढे लिहायला जागा नव्हती.) पाय सुजलेला होता. ताईंनी ‘सूज’ दाबलं. बाकी चौघांचं चढून डोकं दुखत होतं; त्यांचंही ‘हो’ झालं.

पुढच्या चार दिवसांत दहा जण चढले आणि दहाही जणांना चक्कर आली, कारण ऊन होतं आणि ओटीपी नव्हता. सहाव्या दिवशी काम उरकावं म्हणून उरलेले सव्वीस जण एकदम चढले. त्यांतल्या बंकटनं रेंजसाठी हात उंच केला, तो नेमका वडावरच्या आग्या मोहोळाला लागला. मोबाईलच्या लहरींनी मधमाश्या मरतात असं म्हणतात. आवळदऱ्याच्या मधमाश्यांपर्यंत ही माहिती पोचलेली नव्हती. सव्वीसच्या सव्वीस जणांना सूज आली. ताईंचा उजवा डोळा मिटला. उरलेले तीन दिवस त्यांनी डाव्या डोळ्यानं सर्वेक्षण पूर्ण केलं.

एक्केचाळीस घरं, एक्केचाळीस ‘हो’. शंभर टक्के. असं गाव अख्ख्या जिल्ह्यात दुसरं नव्हतं. ज्या गावांत टॉवर होते, तिथं लोकांनी फोनवरून मान वर न करताच ‘नाही’ सांगितलं होतं.

महिन्याभरात पथक आलं. साहेब स्वतः आले. सोबत माजलगावचा सद्दाम, रेडिएशन मोजायचं यंत्र घेऊन. सद्दामनं गावभर फिरून यंत्र झटकलं, फुंकलं, मग म्हणाला, “साहेब, हितं कायच न्हाई. साफ शून्य हाय.”

“लक्षणं शंभर टक्के आहेत,” साहेब शांतपणे म्हणाले. “म्हणजे यंत्र बिघडलंय.”

अहवालात तीन शिफारशी आल्या. यंत्र दुरुस्तीला पाठवावं. आशाताईंचा सत्कार करावा. टॉवर रद्द करावा.

सत्काराचा नारळ हातात घेऊन ताई साहेबांच्या गाडीपुढे उभ्या राहिल्या.

“साहेब, टॉवर पायजे आमाला. माझ्या जावेला सातवा लागलाय.”

“गावात गरोदर बाई, आणि टॉवर मागता?” साहेबांना मनापासून वाईट वाटलं. “ताई, तुम्ही तर आरोग्याचं काम करता.”

लोखंड परत गेलं. खड्ड्यात पाणी साचलं, तिथं डास झाले. (डास दिसत असल्यामुळे त्यांचा सर्व्हे झाला नाही.)

रोहिणीला कळा आल्या त्या भर दुपारी, दिवस भरायच्या तीन आठवडे आधी. मुंजाजी डोंगरावर पळाले. रुग्णवाहिका निघाली, पण तिची वाट बघण्याची सोय रोहिणीला नव्हती. बंकटनं आपल्या पिकअपमध्ये गादी टाकली. घाटातल्या तिसऱ्या वळणावर मुलगी झाली. ताईंनी तिला पदरात घेतलं. ती रडेना. ताईंनी तिचं तोंड पुसलं, पाठ चोळली, तळपायावर टिचक्या मारल्या. रोहिणी फक्त एवढंच विचारत होती, “ताई, हाय ना? हाय ना?” ताई टिचक्या मारत राहिल्या. मग पोर एकदाची रडली, आणि स्टिअरिंग धरून बसलेला बंकटही.

मायलेकी सुखरूप आहेत. तिसऱ्या दिवशी ताईंनी टॉवरसाठी नवा अर्ज लिहिला आणि घाटात काय झालं ते सगळं त्यात घातलं.

उत्तर लगेच आलं. कार्यालय एवढ्या तत्परतेनं क्वचितच वागतं. ‘डोंगरातलं गाव, शंभर टक्के घरं रेडिएशनने आजारी! सावध व्हा, इतरांना सावध करा’ हा मेसेज राज्यभर फिरत असून तो सुमारे अकरा लाख सुजाण नागरिकांनी पुढे पाठवला आहे. सबब जनभावना तीव्र आहे. सबब अर्ज नामंजूर.

त्या अकरा लाखांत एक आपण आहात. आठवून बघा. नात्यातल्या ग्रुपवर आला होता. आपण तो उघडला नाही, हात जोडल्याचं चित्र लावून पुढच्या चार ग्रुपवर पाठवला, आणि फोन शर्टाच्या डाव्या खिशात ठेवला.