विसाचं तेल

बाळांनो, टाळ्या कुणीतरी वाजवल्या होत्या. नाव घेत नाही. ज्यानं वाजवल्या त्याला पक्कं ठाऊक आहे. आता चुळबुळ न करता ऐका.

उंच पठारावर एक जंगल होतं. हिवाळ्यात पहाटे तिथल्या गवतावरचं दवसुद्धा गोठायचं. दवाखाना घाटाखाली होता. म्हणून जंगलानं एक रुग्णवाहिका घेतली होती.

सांबरीण येताजाता त्या गाडीकडे बघायची. गारठा पडला की तिच्या पाडसाची छाती भरायची. गाडी दिसली की तिला धीर यायचा.

हिवाळ्याच्या तोंडावर गाडीच्या इंजिनाचं तेल बदलायचं ठरलं. या जंगलात सभेशिवाय काही होत नसे. दुकानदार खोकडानं दोन डबे मांडले. एकावर पाचाचा आकडा, दुसऱ्यावर विसाचा.

"पाचाचं थंडीत पातळ राहतं," खोकड म्हणाला. "गाडी पटकन सुरू होते. विसाचं गारठ्यात काकवीसारखं होतं."

गवेमहाराजांनी विचार केला. विचार करताना ते डोळे मिटत.

"मोठा आकडा कुठला?"

"वीस, महाराज," सभा म्हणाली.

"मग आपल्या गाडीत पाचाचं का घालायचं? पलीकडच्या डोंगरातले लांडगे हसतील."

सांबरीण उठली. "महाराज, आकडा मोठा असून काय करायचंय? पहाटे गाडी सुरू झाली पाहिजे."

"ताई," माकड म्हणालं, "जंगलाचं काही मोठं झालेलं तुम्हाला बघवतच नाही का हो?"

सभा खदखदून हसली. खोकडानं पाचाचा डबा आत ठेवला आणि विसाचा फोडला. टाळ्या पडल्या. सगळे आपल्याकडेच बघतायत म्हटल्यावर सांबरिणीनंही वाजवल्या.

मग थंडी आली. एका पहाटे पाडसाला श्वास पुरेना. सांबरिणीनं गाडीवाल्या तरसाला हाक मारली. त्यानं किल्ली फिरवली. गाडी कण्हली आणि गप्प झाली. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच.

"तेल गोठून बसलंय, वहिनी."

सगळ्यांनी मिळून धक्का मारला. गाडी वडापर्यंत गेली आणि तिथंच थांबली.

गवेमहाराज शाल पांघरून आले. "ही थंडी आपल्याकडची नाही," ते म्हणाले. "कुणीतरी मुद्दाम सोडलीय. आधी तिचा निषेध करू."

सभा बसली. सांबरिणीनं पाडसाला पाठीवर घेतलं आणि ती घाट उतरायला लागली.

दुपारी ऊन तापलं. गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. तिला हार घातले, गुलाल उधळला, आणि मिरवणूक घाटात उतरली.

वळणावर सांबरीण वर येताना दिसली. पाठ रिकामी होती.

"दवाखान्याचं छप्पर दिसत होतं," ती म्हणाली. "तेवढ्यात पाडस गेलं."

मग महाराजांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "बसा ताई, वर सोडतो. गाडी झकास चालतेय."

सांबरीण बसली नाही. ती चालत राहिली.

तात्पर्य: मोठ्या आकड्याचं तेल कधीच चुकत नाही, बाळांनो. चुकते ती थंडी, आणि चुकतात ते पहाटे आजारी पडणारे. पटत नसेल तर मिरवणुकीतल्या सशाला विचारा. कानातला गुलाल झटकत तो हळहळून म्हणाला, "पोरानं जरा दुपारपर्यंत दम धरायला हवा होता."