सटवाजीमामांची मर्दानी कार्डं

आमच्या शेजारच्या सटवाजीमामांनी पोलीस पाटलाला दाढ काढल्याबद्दल शुभेच्छांचं कार्ड दिलं होतं. कार्ड उघडलं की पुठ्ठ्याचा जबडा वर यायचा. जबड्यातून एक दोरा लोंबत असायचा. तो ओढला की दाढ टुणकन बाहेर पडायची. खाली लिहिलं होतं, ‘रामराम. दाढ गेली, बराबर झालं.’

पाटलांचा गाल अजून सुजलेलाच होता, तरी ते कार्ड घेऊन चावडीवर बसले आणि येईल त्याच्या हातात दोरा देऊ लागले. चौथ्या दिवशी मामांच्या दुकानात आले. “सटवाजी, दाढ ढिली झाली रे. हात लावायच्या आधीच पडून राहिली.” मामांनी बाभळीचा डिंक लावून ती पुन्हा बसवून दिली. काढलेली दाढ परत बसवून मिळालेला माणूस हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावात तो एकच.

ही गोष्ट दुष्काळ सरल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली. मामांचा धंदा पत्र्याचा. बादलीला बूड लावणं, रॉकेलच्या चिमण्या, नरसाळी, धान्याच्या कोठ्या. त्यांचं दुकान म्हणजे घराचाच पुढचा भाग आणि आमचं अंगण त्यांच्या अंगणाला लागून. दिवसभर पत्रा वाजायचा. त्यात मधूनच ‘ठक्’ असा एक जाड, बसका आवाज आला की समजायचं, मामांनी पत्रा बाजूला ठेवला आणि कागद घेतला.

याला कारण आमचे हेडमास्तर. बादलीचं बूड लावायला ते दुकानात आले होते आणि खिशात त्यांच्या पुण्याच्या मुलानं पाठवलेलं दिवाळीचं कार्ड होतं. त्यावर गुलाबाचं फूल आणि सोनेरी अक्षरं. मास्तरांनी कौतुकानं दाखवलं. मामांनी हात पुसून ते घेतलं, उलटंपालटं केलं, नाकाला लावून पाहिलं.

“गुर्जी, हे तुमाला आलं?”

“हो.”

“बाईसाहेबाला न्हाई?”

“मलाच आलंय.”

“मंग पोरगं नाराज हाय का तुमच्यावर?”

मास्तर गेले, पण तो गुलाब मामांच्या डोक्यातून जाईना. पन्नाशीच्या, चष्मा लावणाऱ्या, मुलांना छड्या मारणाऱ्या माणसाला गुलाब काहून पाठवावा? हिंगोलीला गेले तेव्हा त्यांनी मुद्दाम दुकानं पाहिली. सगळीकडे फुलं, दिवे, मांजरीची पिलं आणि हातात ताट घेतलेल्या बाया. घरी येऊन गंगाआत्याला, म्हणजे त्यांच्या बायकोला, म्हणाले, “गडी माणसासाठी येकबी कारड न्हाई ह्या हिंगोलीत. गडी माणसानं काय करावं?”

आत्या म्हणाली, “भाकर खावी आन् कामाला लागावं.”

मामा कामाला लागले, पण ह्या कामाला. पत्र्याची अरुंद पट्टी घ्यायची, तिची एक कड कानशीनं घासून धारेची करायची, मग ती पट्टी वाकवून तिचा बैल करायचा आणि टोकं डाख देऊन, म्हणजे कथील वितळवून, जोडायची. झाला साचा. लिंबाच्या ओंडक्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर साचा, साच्यावर लाकडी हातोडा. ठक्. पुठ्ठ्यातून अख्खा बैल शिंगांसकट निघून पडायचा. कापड दुकानातून धोतराची रिकामी खोकी यायची, लग्नाच्या जुन्या पत्रिका यायच्या. भिंतीला खिळ्यांवर चाळीस तरी साचे टांगलेले होते. बैल, इंजिन, सायकल, कुऱ्हाड, पटका, मिशी आणि एक चप्पल.

फूल, दिवा, चांदणी आणि गुलाबी रंग यांना बंदी होती. एकदा मी गंगाआत्याला विचारलं, मोर का नाही? मोर तर नर असतो. हे आत्यानं मामांना सांगितलं. मामा दोन दिवस विचार करत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “सूनबाईला सांग, गडी हाय. पण त्याचं वागणं बराबर न्हाई.”

‘सूनबाईला सांग’ याचा खुलासा करायला हवा. मी शेजारच्या घरची सून, म्हणून मामांचीही सूनबाई. मामांना लिहिता-वाचता येत नव्हतं. आत्यालाही नाही. मी चौथी शिकलेली, म्हणून कार्डातली अक्षरं माझ्याकडे आली. पण मी त्यांच्यासमोर कधी बोलले नाही. तेही माझ्याशी थेट बोलत नसत. ते उंबऱ्यावर, मी तुळशीजवळ, मधे चार हात अंतर आणि त्या अंतरात आत्या.

“सूनबाईला सांग, लिवा, रामराम.”

“व्हय गं, लिव, रामराम.”

“आत्या, लिहिलं म्हणावं.”

“लिवलं म्हणते.”

“मला आयकू आलं,” असं मामा आत्यालाच म्हणायचे.

मजकूर ठरलेला असायचा. ‘रामराम. विहिरीला पाणी लागलं, बराबर झालं.’ ‘रामराम. मिशी राखली, बराबर झालं.’ जास्तीचा एक शब्द चालायचा नाही. एकदाच मी चूक केली. हिंगोलीच्या मोटारीचे ड्रायव्हर गफूरभाई तापातून उठले, त्यांच्यासाठी मामांनी मोटारीचं कार्ड केलं. पट्टी ओढली की चाकं फिरायची. मजकूर सांगितला, ‘रामराम. ताप गेला, बराबर झालं.’ मी खाली आपल्या मनानं लिहिलं, ‘काळजी घ्या.’

गफूरभाईंनी ते स्टँडवर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. मामा तणतणत घरी आले.

“सूनबाईला ईचार, गडी माणसाला काळजी घ्या म्हणतेत का? त्यो आता मोटार चालवंल का काळजी घेत बसंल?”

मी पदर तोंडावर ओढून आत पळाले. पण गफूरभाईंनी ते कार्ड मोटारीच्या आरशाखाली खोचलं आणि कित्येक महिने ते तिथंच होतं. पत्र्याचं सामान आणायला मामा मोटारीनं जात, तेव्हा मुद्दाम मागच्या बाकावर बसत.

एका शेतकऱ्यानं नवी बैलजोडी घेतली, त्याच्यासाठी केलेलं कार्ड मामांचं सगळ्यात मोठं. उघडलं की दोन बैल पत्र्याच्या स्प्रिंगवर उसळून बाहेर यायचे. तो माणूस इतका खूष झाला की ते बैलांना दाखवायला गोठ्यात घेऊन गेला. त्यानं उघडलं, कागदाचे बैल उसळले, आणि खऱ्या बैलानं मान पुढं करून डावीकडचा खाऊन टाकला. नशीब, स्प्रिंग त्या माणसाच्या हातात राहिली. तो रडवेला होऊन सांगायला आला. मामा म्हणाले, “बैलाला आवडलं ना? मंग बराबर झालं.”

अशी सगळी मजा चाललेली असताना त्या वर्षी दिवाळीच्या आधी मामा एकदम गप्प झाले. ठक् ठक् तर दिवसभर चाले, पण कार्ड काही बाहेर येईना. उकिरड्यावर कापलेल्या पुठ्ठ्याची माणसं पडू लागली. सगळी पटक्याची, हात पसरलेली.

“भावासाठी चाललंय,” आत्यानं मला धान्य पाखडता पाखडता सांगितलं. मला तर मामांना भाऊ आहे हेच ठाऊक नव्हतं. मोठा भाऊ, मुंजाजी. तोही पत्र्याचं काम करणारा. आधी दोघांचं एकच दुकान होतं. “येका ताटात जेवायचे बाई. मी लगीन होऊन आले तवा मला कळंना, नवरा कोणता आन् दीर कोणता. दोघंबी येकमेकाकडंच पाहायचे.”

मग एकदा दोघांनी मिळून एक मोठी कोठी केली. कोठी सटवाजीनं केली, झाकण मुंजाजीनं. झाकण बसेना. हा म्हणाला, तुझं माप चुकलं. तो म्हणाला, तुझं. शेवटी मुंजाजी झाकण उचलून जवळा बाजार या गावी निघून गेला आणि तिथं त्यानं वेगळं दुकान मांडलं. अकरा वर्षं झाली. दोघं बोलत नाहीत. ती कोठी मामांच्या अंगणात तशीच उघडी पडलेली होती आणि तिच्यात आत्याच्या कोंबड्या राहत होत्या. मी इतकी वर्षं ते कोंबड्यांचं घरच समजत होते.

“मंग आत्ताच काहून कार्ड?” मी विचारलं.

जवळा बाजारहून आलेल्या कुणीतरी सांगितलं होतं, मुंजाजीच्या डोळ्यांवर पडदा येऊन राहिला. एक डोळा गेल्यातच जमा, दुसऱ्यालाही धुरकट दिसतं. त्याला अक्षर वाचता येत नव्हतंच. आता काही दिवसांनी चित्रही दिसणार नव्हतं. मग कार्डाचा काय उपयोग?

आत्या भाऊबीजेला माहेरी जायची तयारी करत होती. मामा ओंडक्यापाशी बसून होते. एकदम म्हणाले, “बहीण भावाला ओवाळते. बायको नवऱ्याला ओवाळते. लेक आली का बाप लुगडं घेतो. भावानं भावाला काय करावं? कोण्या सणात हाय ते?”

आत्यानं पिशवीचं तोंड बांधलं.

“न्हाईच,” असं म्हणून त्यांनी हातोडा मारला. ठक्.

कार्डाची कल्पना सोपी होती. दोन बाजूंना दोन माणसं. कार्ड उघडलं की दोघांनी गळाभेट घ्यायची. पण होत होतं उलटंच. उघडलं की दोघं हात पसरून दूर जायचे, आणि मिटलं की एकमेकांच्या गळ्यात पडायचे. म्हणजे भेटायचे तेव्हा कुणाला दिसायचे नाहीत, आणि दिसायचे तेव्हा भेटलेले नसायचे. मामांनी घडी बदलली, पट्ट्या बदलल्या, माणसांची बाजू बदलली, तेव्हा तर ते एकमेकांना पाठी लावून उभे राहिले. नऊ कार्डं झाली.

“पत्रा सांगंल तसा वळतो,” मामा म्हणाले. “कागद लई आडमुठा.”

शेवटी त्यांनी घडीचा नाद सोडला आणि कार्डाच्या वरच्या पानाला साच्यानं एक लहान खिडकी पाडली. आता कार्ड मिटलेलं असताना खिडकीतून डोकावलं की आत एकमेकांना चिकटलेले दोन पटके दिसत. एक लाल, एक पांढरा.

मी दौत-टाक घेऊन तुळशीपाशी बसले. आत्या मधे बसली.

“सूनबाईला सांग, लिवा, रामराम.”

लिहिलं. ‘बराबर झालं’ लिहायचं तर काय बराबर झालं होतं? मामा पायाच्या नखानं माती उकरत होते. आत्या एकदा त्यांच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे.

“लिवा,” ते शेवटी म्हणाले, “उघडू नये. मिटूनच पाहावं.”

मी तेवढंच लिहिलं, पानाच्या बाहेरच्या बाजूला. या वेळी मला ‘काळजी घ्या’ लिहायचं फार मनात आलं होतं. पण नाही लिहिलं.

कार्ड गफूरभाईंच्या हाती गेलं. हिंगोलीला ते जवळा बाजारच्या मोटारीवर देणार होते. त्यांनी घेण्याआधी विचारलं, “सटवाजी, इसमें बैल तो नहीं ना? मेरे आगे बकरी बैठती है।”

दिवाळी झाली. पाडवा झाला, भाऊबीज झाली. आत्या माहेराहून परत आली. मामा रोज मोटारीच्या वेळेला काहीतरी निमित्त काढून स्टँडवर जाऊन यायचे. येताना कधी एखादा खिळा घेऊन यायचे, कधी नुसतेच. मी त्या दिवसांत ठक् ऐकलं नाही. पोळ्याच्या वेळचं एक कार्ड अर्धवट पडलं होतं, ते तसंच पडून राहिलं.

मग एका दुपारी गफूरभाई स्वतः दुकानापर्यंत चालत आले आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी देऊन गेले. मामांनी कागद काढला. त्यांचंच कार्ड होतं. परत आलं होतं.

मामांचा चेहरा मला बघवेना. मी आत जायला उठले, तेवढ्यात आत्या म्हणाली, “आवो, ह्याला हे काय लागलंय?”

कार्डाच्या उघडणाऱ्या कडेला पत्र्याची कडी होती. पेटीला असते तशी, पण नखाएवढी. एका पानाला पत्र्याची चिमुकली पट्टी दुमडून बसवलेली, तिला आकडा, दुसऱ्या पानाला कोयंडा. डाख वाकडातिकडा लागला होता, एका जागी पुठ्ठा करपला होता. ज्याला नीट दिसत नाही अशा माणसाचं काम, हे मलाही कळलं. आणि कडी लावलेली होती. आतले दोघं हलू शकत नव्हते.

“येडा हाय,” मामा म्हणाले. “कागदाला कोणी डाख देतंय का?”

त्यांनी अंगठ्यानं कडी काढून पाहिली, पुन्हा लावली. आकडा कोयंड्यात टच्च बसला. पुन्हा काढली, पुन्हा लावली. मग खिडकीला डोळा लावला.

“माप बराबर घेतलं म्हाताऱ्यानं,” ते म्हणाले. हे आत्यालाही सांगितलं नव्हतं आणि मलाही.

थोड्या वेळानं त्यांनी मान वर केली. आत्या शेजारीच होती, पण ते माझ्याकडे बघून बोलले. पहिल्यांदाच. “सूनबाई, आत त्यानं काही लिवून घेतलंय का?”

आत लिहिलेलं बघायचं तर कडी काढून कार्ड उघडायला हवं होतं. “उघडून बघू का, मामा?” मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

मी हात पुढं केला तसा मामांनी कार्डावर आपला पंजा ठेवला.

“नको. राहू द्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सडा टाकायला बाहेर आले, तर हिंगोलीची मोटार आज मामांच्या दुकानासमोर येऊन सुटायच्या तयारीत उभी होती. तिच्या टपावर धान्याची एक मोठी कोठी दोरीनं बांधलेली होती, झाकण नसलेली, आतून कोंबड्यांची पिसं उडत असलेली. मामा पुढच्या बाकावर, आरशाखालच्या कार्डासमोर बसले होते.

शेजारच्या अंगणात कोठीच्या जागी मातीत एक मोठा गोल उमटला होता. आत्याच्या सगळ्या कोंबड्या त्या गोलाच्या आत जाऊन बसल्या होत्या आणि काही केल्या बाहेर यायला तयार नव्हत्या.