दुखऱ्या गुडघ्याचा सौदा

ज्ञानोबा पट्टी बांधायचा ती धड गुडघ्याला. दुखायचा डावा, पट्टी उजव्यावर. कबड्डीत समोरचे पट्टी बघून उजव्या पायावर झडप घालायचे आणि हा त्याच पायाने तिघांना ओढत रेषेपार जायचा. "दुखणं दाखवायचं नाही अण्णा, स्वल्प सरकवून ठेवायचं," म्हणायचा. आमच्या म्हैसूरच्या मराठीत 'थोडं' कुणी म्हणत नाही, आणि ज्ञानोबाचं तर 'स्वल्प'शिवाय वाक्यच होत नाही.

हा शिंपी एके काळी माझ्या कबड्डी संघाचा कणा होता. मग ऐन दसऱ्याच्या सामन्यांच्या तोंडावर, मला न सांगता, बन्नूरच्या संघात गेला. वर त्या पट्टीने माझ्याच पोरांना फसवलं. मी खांद्यावर कापड वाहून कुवेंपुनगरात दुकान उभं केलेला माणूस. असलं विसरत नाही.

यंदा तोच दुकानात आला. "परत घ्या अण्णा."

"बन्नूरवाल्यांनी हाकललं वाटतं?"

"गुडघा फारच बिघडला. कशाला ठेवतील?"

खरं तर मला तो हवा होता. माझी पोरं चपळ, पण डोक्याने गरम. त्यांना आवरणारं कुणी नाही. पण सामन्यात हा कोसळला तर संघ गेला आणि हा जन्माचा लंगडा. डागी तागा मी उलगडल्याशिवाय घेत नाही. म्हटलं, "उठाबशा काढ."

बसला. उठताना टेबल धरावं लागलं.

"चढाईला सोडणार नाही तुला."

"नको. साखळीत मधे उभं करा. तेवढं पुरे."

"नुसते हात धरून उभं राहायला आलास?"

तो पँटची धूळ झटकत राहिला. "बायको गेली. मुलगी बेंगळुरात. मापं घेताना माणसाला हात लागतो, तेवढाच. साखळीत दोन्हीकडून कुणीतरी धरलेलं असतं, अल्लवा? हो ना?"

भांडायला तयार ठेवलेली दोन वाक्यं मी गिळली. "सकाळी सहाला ये. उशीर झाला तर परत पाठवीन."

पहिल्याच सरावात समोरचा चढाई करून परतला. पोरांनी हात सोडले. ज्ञानोबाने शेजारच्या दोघांचे सोडलेच नाहीत. ते दोघे अवघडून माझ्याकडे बघू लागले.

"माझ्याकडे काय बघता?" मी ओरडलो. "धरा तसेच!"